वायरलेस कर्नल कोडमधली रेफरन्स मोजणी आणि ऑब्जेक्टची साफसफाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मित्राच्या गाळ्यात आम्ही काही जण लॅपटॉप आणि वायफायचे डोंगल घेऊन बसतो. कुणी वालचंदचे विद्यार्थी, कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर सेन्सर बसवून देणारे, तर एक-दोघं पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारे. आमचा विषय म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधला, ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, वायफायचा कोड. तेच ते प्रश्न नव्या माणसाकडून पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. फंक्शनची आणि फाईलची नावं देवनागरीत आहेत. उच्चारून पाहिलीत की मूळ कोडमध्ये सापडतील.

रेफरन्स काउंट म्हणजे काय?

एखादी वस्तू अजून किती जण वापरताहेत, त्याचा आकडा. टॉवेलच्या कारखान्यातली शेड डोळ्यांसमोर आणा. शेवटी जाणाऱ्याने मेन स्विच पाडून कुलूप लावायचं असा नियम आहे, पण शेवटचा कोण असेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून दारावर मोजणी: आत येताना एक वाढवा, जाताना एक कमी करा, शून्य झालं की कुलूप.

यात चुका दोनच होतात. कुणी न मोजता निघून गेला, तर शेड रात्रभर उघडी आणि दिवे चालू. ही गळती. कुणी जाताना दोनदा मोजलं, तर माणूस मागावर उभा असतानाच स्विच पडतो. हा मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर. पहिल्या चुकीने मशीन हळूहळू थकतं. दुसरी चूक दुसऱ्याचाच डेटा बिघडवते, आणि हल्लेखोराच्या हाती लागली तर कर्नलचा ताबाही देऊ शकते. म्हणून कुठली चूक आधी शोधायची असा प्रश्न पडला, तर दुसरी.

लिनक्समध्ये यासाठी केरेफ हा मोजणीचा प्रकार २००४ पासून आहे. २०१७ साली ४.११ आवृत्तीत रेफकाउंट_टी आला आणि केरेफही त्याच्यावर बसवला गेला. त्याआधी मोजणी साध्या अणू-पूर्णांकावर चालायची. तो शून्याखाली गेला तरी ओरडत नसे. रेफकाउंट_टी ओरडतो, आणि आकडा बिघडला की एका टोकाला अडकून बसतो. तिथून वस्तू कधीच मोकळी होत नाही. जाणूनबुजून गळती पत्करायची, पण मोकळी मेमरी कुणाच्या हाती लागू द्यायची नाही, असा तो निर्णय आहे.

वायरलेस कोडमध्येच हे एवढं का बिघडतं?

कारण इथे एकाच वस्तूवर चार दिशांनी हात पडतात. हवेतून फ्रेम (डेटाचं पाकीट) येते ती सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच अडवून चालणाऱ्या कोडमध्ये. वापरकर्त्याचा आदेश नेटलिंक या प्रोग्राम-कर्नल संवादमार्गातून येतो. टायमर आपल्या वेळेला वाजतो. आणि डोंगल कुणी कधी उपटेल याचा नेम नसतो.

डोंगल उपटल्यावर चालणारा साफसफाईचा कोड प्रयोगशाळेत दिवसाकाठी एकदा चालला तर चालतो. आमच्याकडे एका शेडमध्ये तो दिवसातून कितीतरी वेळा चालायचा. मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज क्षणभर पडायचं, यूएसबी डोंगल स्वतःला निघाल्यासारखं दाखवायचं आणि दोन सेकंदांत परत यायचं. मालकांचा सकाळी फोन: "वायफाय परत बंद पडालंय की ओ." आम्ही तिथे जाऊन लॉग पाहिला, तर दर दहा सेकंदांनी एकच ओळ.

ती ओळ म्हणजे "वेटिंग फॉर डब्ल्यूलॅन० टू बिकम फ्री, युसेज काउंट = १" हीच ना? आमच्याकडेही येते.

हीच. अर्थ असा: इंटरफेस काढायचा निर्णय झाला, सगळ्यांना कळवून झालं, पण नेट_डिव्हाइसचा (कर्नलमधल्या त्या इंटरफेसच्या वस्तूचा) एक संदर्भ, म्हणजे रेफरन्स, अजून कुणाकडे तरी आहे. कर्नल थांबून वाट बघतो आणि साधारण दर १० सेकंदांनी आठवण करून देतो. आकडा १ वर (५.१३ पासूनच्या कर्नलमध्ये २ वर, कारण तिथे मोजणी १ पासूनच सुरू होते) अडकून राहिला, की कुणीतरी डेव्ह_होल्ड (आकडा वाढवणं) केलं आणि डेव्ह_पुट (कमी करणं) विसरलं.

पूर्वी इथे दिवस जायचे, कारण हा आकडा कुणी वाढवला याची नोंदच नसे. ५.१७ मध्ये रेफ-ट्रॅकर आला. कॉन्फिगमध्ये नेट_डेव्ह_रेफसीएनटी_ट्रॅकर चालू करा. त्यानंतर नेटडेव्ह_होल्ड आणि नेटडेव्ह_पुट वापरणारा प्रत्येक जण आपली वेगळी पावती बाळगतो, आणि परत न केलेल्या पावतीवर ती कुठून घेतली त्याचा स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) छापलेला असतो. जुन्या डेव्ह_होल्डने घेतलेल्यांना मात्र अशी पावती नसते. म्हणून पहिलं काम, संशयित ड्रायव्हरमधले जुने कॉल नव्या जोडीत बदलून घेणं.

आमच्या त्या शेडमध्ये चूक आम्हीच ड्रायव्हरवर चढवलेल्या पॅचमध्ये निघाली. फ्रेम घेताना संदर्भ घेतला होता. फ्रेमची लांबी चुकीची असली की फंक्शन मधूनच परत फिरायचं, संदर्भ न सोडता. चांगल्या व्होल्टेजला तुटक फ्रेम येत नाही, म्हणून आमच्या टेबलावर ही चूक कधीच दिसली नव्हती.

केसॅनचा रिपोर्ट आला. कुठून वाचायचा?

केसॅन हा मेमरीच्या चुका पकडणारा कर्नलमधला तपासनीस. तो तीन स्टॅक देतो: मेमरी कुणी वापरली, ती कुणी मागितली होती आणि कुणी मोकळी केली. बहुतेक जण पहिला स्टॅक वाचून तिथेच दुरुस्ती करायला बसतात. तिथे शून्य-पॉइंटरची तपासणी घालतात, क्रॅश थांबतो, आणि खरा दोष आणखी खोल गाडला जातो. असे पॅच मी स्वीकारत नाही.

पण मोकळी करणारा स्टॅक वाचूनही काम संपत नाही. मोजणीच्या चुकांचं दुखणं इथेच आहे, आणि ते समजायला मला स्वतःला बराच काळ लागला. समजा संदर्भ तीन होते आणि पुट चार झाले. तिसऱ्या पुटला आकडा शून्य झाला आणि वस्तू मोकळी झाली. केसॅन त्या तिसऱ्या पुटकडे बोट दाखवेल. पण ते तिसरं पुट अगदी हक्काचं असू शकतं! जास्तीचं पुट पहिलं किंवा दुसरं होतं, आणि ते काम उरकून केव्हाच निघून गेलंय. वापरणाराही निर्दोष, मोकळी करणाराही निर्दोष. गुन्हेगार तिन्ही स्टॅकमध्ये कुठेच नाही.

म्हणून क्रॅशची जागा कळली तरी हवा असतो त्या वस्तूचा पूर्ण इतिहास. प्रत्येक गेट आणि पुटच्या जागी ट्रेस_प्रिंटके घाला. त्यात वस्तूचा पत्ता, त्या क्षणाचा आकडा आणि बोलावणाऱ्याचं नाव छापा. प्रिंटके वापरू नका, त्याने वेळा इतक्या बदलतात की दोषच लपतो. मग फक्त त्या एका पत्त्याच्या ओळी गाळून कागदावर दोन रकाने आखा: घेतलं, परत केलं. प्रत्येक घेतल्यासमोर त्याचं परत केलेलं लिहायचं. आकड्यांची बेरीज जुळवून भागत नाही, जोड्या जुळवाव्या लागतात. एकाने विसरलेलं आणि दुसऱ्याने जास्तीचं केलेलं अशा दोन चुकांची बेरीजही बरोबरच येते.

६बी६बी६बी६बी असा पत्ता रजिस्टरमध्ये दिसला. हे काय?

स्लब_डीबग चालू असताना मोकळ्या केलेल्या मेमरीत कर्नल ६बी हा बाइट भरून ठेवतो. तिथला पॉइंटर कुणी वाचला की हाच आकडा हाती लागतो. शेवटचे अंक थोडे पुढचे असतील, उदाहरणार्थ ७३, तर मोकळ्या मेमरीतून काढलेल्या पॉइंटरच्या आत आठ बाइट पुढचं फील्ड वाचलं गेलं. ५ए दिसलं तर मेमरी मिळाली पण भरलीच नव्हती.

"अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री" हा इशारा एकदा आला, मग परत आलाच नाही. दोष गेला का?

नाही. रेफकाउंट_टीचे इशारे एकदाच छापले जातात. मशीन रीबूट करा, नाहीतर डीबगएफएसमधल्या क्लिअर_वॉर्न_वन्स या फाईलमध्ये १ लिहा. मग पुन्हा येईल.

स्कॅनच्या निकालातल्या बीएसएस नोंदींची मोजणी समजत नाही.

या विषयातली सर्वांत गुंतागुंतीची जागा हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी होम मैदानाजवळ लॅपटॉपवर स्कॅन करून बघा. गर्दीतल्या फोनचे हॉटस्पॉट क्षणात दिसतात, क्षणात जातात. सीएफजी८०२११ (कर्नलमधला वायफायच्या व्यवस्थेचा थर) अशा प्रत्येक जाळ्याची एक बीएसएस नोंद ठेवतं. ३० सेकंद ते जाळं पुन्हा दिसलं नाही की नोंद जुनी ठरते, आणि एकूण नोंदींनाही मर्यादा आहे, मुळात १०००. कुणाच्या तरी हातात असलेली नोंद यादीतून निघाली तरी मेमरीत राहायला हवी, त्यासाठी मोजणी. ज्या जाळ्याला आपण जोडलेलो आहोत त्याची नोंद यादीतूनही निघू नये, त्यासाठी "होल्ड" नावाचा दुसरा, वेगळा आकडा. नवे लोक या दोन आकड्यांची गल्लत करतात. होल्ड शिल्लक असताना नोंद मोकळी करायला गेलात तर कर्नल इशारा देतो.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. सीएफजी८०२११_इन्फॉर्म_बीएसएस कुटुंबातली फंक्शन जी नोंद परत देतात, ती संदर्भासकट देतात. नको असली तरी सीएफजी८०२११_पुट_बीएसएस करावंच लागतं. सीएफजी८०२११_गेट_बीएसएसचंही तेच. उलट सीएफजी८०२११_आरएक्स_असॉक_रेस्पला दिलेल्या नोंदीची मालकी त्या कॉलमध्येच पुढे जाते. त्यानंतर तुम्ही पुट केलंत तर ते दुसऱ्याचं पुट आहे.

गुंता याच्या पुढे सुरू होतो. लपलेल्या एसएसआयडीचं (नावाचं) जाळं असेल, तर विचारणीच्या उत्तरातून कळलेली नोंद बीकनच्या, म्हणजे ते जाळं सतत सोडत असलेल्या जाहीर फ्रेमच्या, नोंदीला धरून असते. एकाच बीकनमधून अनेक जाळी जाहीर करणारी मल्टी-बीएसएसआयडीची सोय असेल, तर बाकीच्या नोंदी मूळ प्रसारित नोंदीला धरून असतात. म्हणजे एका नोंदीचा संदर्भ घेतला की तिच्या मागच्यांचाही वाढवायचा, आणि सोडताना सगळ्यांचा सोडायचा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इथलेच दोष उघड झाले. डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकाने ते शोधले. जाहीर सुरक्षा-दोषांच्या यादीत मोजणीच्या दोषांना सीव्हीई-२०२२-४२७२० हा क्रमांक मिळाला. ५.१ पासूनचे कर्नल त्यात सापडले होते, आणि दुरुस्ती ५.१९.१६ मध्ये आली. जोडणी न करता, नुसती हवेत बनावट फ्रेम सोडून हा हल्ला करता येत होता. चुका कशा होत्या ते वाचाच. पहिली: संदर्भ वाढवणाऱ्या फंक्शनमध्ये लपलेल्या बीकनची नोंद बघताना पॉइंटर त्याच चलात भरला गेला, आणि पुढची तपासणी मूळ नोंदीऐवजी त्या दुसऱ्याच नोंदीवर झाली. दुसरी: तात्पुरत्या नोंदीतून नव्या नोंदीत पॉइंटर नक्कल झाला, पण त्याच्या नावाने संदर्भ घेतला नव्हता. नवी नोंद सोडताना तो मात्र सोडला जाई. तिसरी: नोंद यादीत घालणं फसलं, ती काढूनही टाकली, आणि तरीही बोलावणाऱ्याच्या हातात दिली गेली, संदर्भाशिवाय.

यातली दुसरी चूक मी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर पुन्हा पुन्हा लिहवून घेतो. स्ट्रक्चरची नक्कल केली की आतल्या पॉइंटरचीही नक्कल होते, संदर्भाची होत नाही. एका ओळीच्या बरोबरीच्या चिन्हाने न मोजलेला मालक तयार होतो.

आणखी एक: बीएसएसची मोजणी हा लॉकखाली चालणारा साधा पूर्णांक आहे, रेफकाउंट_टी नव्हे. अंडरफ्लोच्या इशाऱ्याची इथे वाट बघू नका, केसॅन लावा.

स्टेशनच्या (जोडलेल्या उपकरणाच्या) ऑब्जेक्टला, म्हणजे एसटीए_इन्फोला, मोजणी दिसतच नाही. मग ते सुरक्षित कसं?

आरसीयूवर. वाचणारा आरसीयू_रीड_लॉकच्या आत शोधतो आणि तिथेच वापरून सोडतो. काढणारा आधी यादीतून काढतो, सगळे जुने वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो, मग मोकळं करतो. ड्रायव्हरवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे तो पॉइंटर उचलून आपल्या यादीत ठेवणं. स्टेशनसोबतचा ड्रायव्हरचा खासगी भाग आणि टीएक्सक्यू (पाठवायच्या फ्रेमची रांग), दोन्ही स्टेशनबरोबरच जातात. तुमच्या यादीत त्यांचा पत्ता राहिला, की तो पत्ता पाडलेल्या घराचा.

आकडा शून्य झालेला असू शकेल अशी वस्तू आरसीयूखाली शोधत असाल, तर साधं केरेफ_गेट चालत नाही. केरेफ_गेट_अनलेस_झीरो वापरा आणि त्याचं उत्तर तपासा.

टायमर आणि वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम) यांचं काय?

मोजणी अचूक असूनही क्रॅश येतो तेव्हा संशय यांच्यावर घ्या. टायमर वस्तूचा पत्ता जवळ बाळगतो, पण त्याचा संदर्भ मोजलेला नसतो. डीबग_ऑब्जेक्ट्सची कॉन्फिग चालू ठेवलीत तर जिवंत टायमर असलेली मेमरी मोकळी करताच "ओडीबग: फ्री ॲक्टिव्ह" असं छापून येतं. थेट मुळावर बोट. टायमर वर्क लावतो आणि वर्क पुन्हा टायमर लावतं अशी साखळी असेल, तर एकाला थांबवून दुसऱ्याला थांबवेपर्यंत पहिला परत उठतो. ६.२ पासूनचं टायमर_शटडाउन_सिंक टायमर पुन्हा लावूच देत नाही, ते वापरा. आणि ज्या लॉकची वर्कला गरज आहे तोच धरून कॅन्सल_वर्क_सिंक केलंत तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. सीएफजी८०२११च्या नव्या विफी_वर्कमध्ये हा पेच उरत नाही.

यूएसबी डोंगल उपटल्यावर क्रॅश. क्रम कोणता बरोबर?

आधी ड्रायव्हरमध्ये "यंत्र गेलं" अशी खूण करा. मग आयईईई८०२११_अनरजिस्टर_एचडब्ल्यू. त्यातून तुमचा स्टॉप कॉलबॅक येईल, आणि त्यातलं हार्डवेअरला लिहिणं उणे १९ (यंत्र नाही) देऊन फसेल, ते सहन करा. मग अँकरवरचे (एकत्र बांधून ठेवलेले) सगळे यूआरबी, म्हणजे यूएसबीच्या चालू विनंत्या, मारा, वर्क आणि टायमर थांबवा, आणि सगळ्यात शेवटी आयईईई८०२११_फ्री_एचडब्ल्यू. यूआरबीचा कॉलबॅक स्वतःला पुन्हा पाठवत असेल तर मारण्याऐवजी यूएसबी_पॉइझन_अँकर्ड_यूआरबीज वापरा, ते पुन्हा पाठवू देत नाही. ड्रायव्हरची खासगी मेमरी एचडब्ल्यूबरोबरच जाते, म्हणून शेवटच्या पायरीनंतर त्यातलं काहीही वाचायचं नाही, छापण्यासाठीसुद्धा.

"हॅव पेंडिंग ॲक फ्रेम्स" असा इशारा येतो.

ड्रायव्हरने पाठवायची फ्रेम टाकून देताना थेट केफ्री_एसकेबी केलं. मॅक८०२११ (ड्रायव्हरच्या वरचा वायफायचा थर) काही फ्रेमची पोच मिळेपर्यंत त्यांची नक्कल बाजूला ठेवतं. फ्रेम आयईईई८०२११_फ्री_टीएक्सएसकेबीनेच टाकायची, म्हणजे ती नक्कलही साफ होते. जिथे जिथे चुकीचं फंक्शन आहे तिथे बदला, झालं.

केमेमलीक काही दाखवत नाही, तरी मेमरी कमी होतेय.

केमेमलीक हे गळती शोधणारं साधन फक्त अशी मेमरी दाखवतं जिच्याकडे कुठूनही पॉइंटर जात नाही. वस्तू एखाद्या यादीत अडकून असेल तर त्याच्या लेखी ती वापरात आहे. मोजणीच्या कित्येक गळत्या अशाच असतात. अशा वेळी स्लॅबइन्फोमधला (कर्नलच्या मेमरी-वापराच्या तक्त्यातला) कोणता आकडा वाढतोय ते आधी बघा.

प्रोबमधला (यंत्र सापडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधला) चूक झाल्यावरचा रस्ता कसा तपासायचा? तिथे सहसा कोड जातच नाही.

फेलस्लॅब चालू करा. ते मेमरीची मागणी मुद्दाम फसवतं. डिव्हाइस_रजिस्टर फसल्यावर केफ्री करणं ही तिथे सापडणारी सर्वांत सामान्य चूक. मोजणी सुरू झालेली असते, म्हणून पुट_डिव्हाइसच करायचं. दुसरी: ज्या स्ट्रक्चरमध्ये केरेफ आहे ते डेव्हएम_केझॅलॉकने मागणं. डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर सुटला की जाते, आकडा काहीही असो. एका वस्तूला दोन मालक नकोत.

माझ्याकडे एवढं हार्डवेअर नाही.

लागत नाही. मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल खोटे रेडिओ तयार करतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन रेडिओ उभे करा, एकावर हॉस्टएपीडी (ॲक्सेस पॉइंट) आणि दुसऱ्यावर सप्लिकंट (त्याला जोडणारा) चालवा. मग जोडणं, तोडणं आणि मॉड्यूल काढणं चक्रात फिरवा. केसॅनची सावली-मेमरी एकूण मेमरीच्या एक अष्टमांश खाते, त्यामुळे छोट्या बोर्डापेक्षा लॅपटॉप बरा. खरं डोंगल असेल तर व्होल्टेज पडण्याची वाट बघू नका: सिसएफएसमधल्या त्याच्या ऑथराइज्ड फाईलमध्ये ० आणि १ आलटून पालटून लिहिणारी स्क्रिप्ट रात्रभर चालवा, मागे पिंग चालू ठेवून. मे महिन्यात मात्र खरंच रात्रीच चालवा. आपल्याकडच्या दुपारी तापलेला प्रोसेसर वेग कमी करतो आणि कोडच्या भागांमधल्या शर्यतीच्या वेळा बदलतात. काल दिसलेला दोष आज का दिसत नाही, यात उगाच दिवस जातो.

रविवारी येताना काय आणायचं?

पूर्ण लॉग, सुरुवातीपासूनचा, फक्त शेवटच्या वीस ओळींचा फोटो नव्हे. कर्नलची आवृत्ती आणि कॉन्फिग फाईल. डीबग माहितीसह बांधलेलं व्हीएमलिनक्स (कर्नलची मूळ फाईल), म्हणजे डीकोड_स्टॅकट्रेस स्क्रिप्टने पत्त्यांच्या ओळी काढता येतील. दोष दिसायला साधारण किती वेळ लागतो तेही लिहून आणा. आणि एक कोरी वही, रकाने आखलेली. गड्ड्याच्या आठवड्यात गाळा बंद असतो, त्या रविवारी येऊ नका.